हॅमसाठी घेतलेला प्रोब थर्मामीटर : भुसावळच्या स्वयंपाकघरातले नऊ महिने

गेल्या नोव्हेंबरात वायरवाला डिजिटल थर्मामीटर (त्याची सळई, म्हणजे प्रोब, मांसात खुपसून आतलं तापमान बघायचं) घेतला, चौदाशे रुपयांना, आणि तो फक्त हॅमसाठी, म्हणजे खारवून शिजवलेल्या डुकराच्या मांडीसाठी. आता ऑगस्ट चालू आहे. एवढ्या दिवसांत पाच हॅम झाले. एकही वाया गेला नाही. आधीचा एक मात्र गेला होता, आणि त्याच्यामुळेच ही खरेदी झाली.

खरेदीच्या आधीच्या नाताळात तीन किलोची हाडासकट मागची मांडी मागवली होती. आमच्याकडे असं पोर्क सहज मिळत नाही, थर्माकोलच्या डब्यात गोठवलेलं येतं. आठवडाभर मिठाच्या पाण्यात ठेवली, घड्याळ लावून शिजवली. वरून सुरेख दिसत होती. सगळे जेवायला बसल्यावर सुरी हाडापर्यंत गेली आणि तिथलं मांस करडं, चिकट निघालं, आंबूस वास आला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठून त्यांनी अंडी उकडायला ठेवली. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही, कारण घरात दोन लहान मुलं होती आणि तो घास त्यांच्या ताटात जाता जाता राहिला होता.

नंतर कळलं की चुका दोन होत्या. मीठ हाडापर्यंत पोचलं नव्हतं, आणि उष्णताही तिथपर्यंत गेली की नाही हे कळायचा मार्ग माझ्याकडे नव्हता. आता मांस आणि पाणी दोन्ही वजन करते. तीन किलो मांडी आणि दोन लिटर पाणी म्हणजे पाच किलो. त्याला १२५ ग्रॅम मीठ, ७५ ग्रॅम गूळ, चार-पाच लवंगा, थोडे मिरे आणि १२.५ ग्रॅम क्युअरिंग सॉल्ट. हे पाणी उकळून पूर्ण गार करायचं, क्युअरिंग सॉल्ट गार झाल्यावरच घालायचं, आणि त्यातलं तीनशे मिली जाड सुईच्या सिरिंजने हाडाच्या दोन्ही बाजूंना आत सोडायचं. बाकीच्यात मांडी बुडवून आठ दिवस फ्रिजमध्ये, रोज एकदा उलटायची.

क्युअरिंग सॉल्टबद्दल थांबून सांगते. त्यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं, बाकी साधं मीठ. हॅमचा गुलाबी रंग त्यानेच येतो आणि बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढत नाहीत तेही त्यानेच. साध्या मिठाशी गल्लत होऊ नये म्हणून ते मुद्दाम गुलाबी रंगवलेलं असतं. पण आपल्या घरात शेंदेलोणही गुलाबीच असतं! उपासाच्या भगरीत चुकून क्युअरिंग सॉल्ट पडलं तर जिवावर बेतेल, कारण जास्त नायट्राइट पोटात गेलं की रक्ताला ऑक्सिजन नेता येत नाही. उलट हॅमला शेंदेलोण लावलं तर संरक्षण काहीच नाही. माझी बरणी वेगळ्या कपाटात, कुलपात असते. मोजायलाही अंदाज नको, दागिने तोलतात तसला ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वापरते.

थर्मामीटरचा पहिला मोठा उपयोग झाला तो शिजवताना नाही, फ्रिजमध्ये. ईस्टरच्या हॅमच्या वेळी बाहेर बेचाळीस अंश होते आणि दुपारी दोन तास वीज गेली होती. सहज म्हणून प्रोब खाऱ्या पाण्यात सोडला, तर आकडा ९! फ्रिजचं बटण शेवटच्या आकड्यावर होतं, म्हणून मी निश्चिंत होते. मांस खारवताना ४ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं. लगेच पातेलं खालच्या कप्प्यात मागच्या भिंतीला टेकवलं, भोवती बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या लावल्या आणि तासाभराने ते ३ वर आलेलं बघितलं. तेव्हापासून मे-जूनमध्ये मी हॅम घालतच नाही. आपल्या भागातल्या उन्हाळ्यात आणि विजेच्या भरवशावर हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता उपकरणाचा दोष. सुरुवातीला मी आजीसारखी मोठ्या पातेल्यात, पाणी उकळू न देता, मंद आचेवर मांडी शिजवायचे. प्रोब आत, वायर झाकणाच्या फटीतून बाहेर. फेब्रुवारीत, तिसऱ्या हॅमला, आकडा वीस मिनिटांत ४० वरून ७१ वर गेला. एवढी मोठी मांडी अशी चढूच शकत नाही. प्रोब काढून बर्फाच्या पाण्यात घातला तर १६ दाखवतोय. वायर जिथे सळईला जोडलेली असते तिथून वाफ आत शिरली होती. दोन दिवस उन्हात वाळवल्यावर सुधारला, महिन्याने पुन्हा तेच. विकणाऱ्याने हात वर केले. शेवटी सुटा प्रोब साडेतीनशेला घेतला.

त्यानंतर पद्धत बदलली. मांडी फॉइलने झाकून, खाली पाण्याचा ट्रे ठेवून, १५० अंशांवर ओव्हनमध्ये. प्रोबचं टोक सर्वांत जाड भागात, पण हाडाला न टेकता, नाहीतर आकडा फसवतो. साधारण तीन तास लागतात, पण तास बघायचे नाहीत. मांस आतून ६६ झालं की गजर वाजतो आणि मी बाहेर काढते. ओट्यावर झाकून ठेवल्यावर ते आपोआप ६९ पर्यंत चढतं. मग कातडी सोलून चरबीवर सुरीने शंकरपाळ्यासारख्या रेघा मारायच्या, प्रत्येक चौकोनात एक लवंग टोचायची, गूळ आणि वाटलेली मोहरी फासायची आणि २०० अंशांवर वीस मिनिटं. गूळ फसफसतो, कडेने काळसर होतो, पूर्ण घरात वास भरतो. कापल्यावर हाडापर्यंत एकसारखा गुलाबी रंग, आणि सुरीवर पातळ, स्वच्छ रस. मला तो रस बघायलाच सगळ्यात जास्त आवडतं.

दुसऱ्या दिवशी गार काप कळण्याच्या भाकरीबरोबर आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर खातो. हाड तुरीच्या डाळीत टाकते, तेव्हा डाळीत मीठ अजिबात घालत नाही.

थर्मामीटर एरवी दह्याला विरजण लावताना (४२ अंश) आणि बट्ट्या आतून भाजल्या का ते बघायला कामी येतो. सेल आतापर्यंत एकदाच बदलले. पाठीमागचं चुंबक घट्ट आहे, आकडे लांबून दिसतात, गजर बाहेरच्या खोलीत ऐकू येतो. ओव्हनच्या दारात वायर चेपते, तिथे जाळी थोडी उसवली आहे, त्यावर लक्ष ठेवून आहे.

घेणार असाल तर दुकानदाराला आधी विचारा की सुटा प्रोब मिळतो का. मिळत नसेल तर ते मॉडेल घेऊ नका. घरी आणल्यावर त्याच दिवशी दोन परीक्षा घ्या. चुरलेल्या बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवला पाहिजे, आणि खळखळत्या पाण्यात भुसावळसारख्या दोनशे मीटर उंचीच्या गावात ९९ च्या वर थोडासा. माझा नवा प्रोब बर्फात १ दाखवतो, म्हणून गजर आता ६७ ला लावते.