क्वार्ट्झसाइटला आरव्हीचं छत करून घेण्याआधी

हिवाळा काढायला ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला आरव्ही, म्हणजे आत राहता येईल अशी मोठी गाडी, घेऊन जाणारी मराठी मंडळी आता अधूनमधून भेटतात. बहुतेक निवृत्त, ओरेगन-वॉशिंग्टनच्या पावसाला कंटाळलेली. आम्हीही त्यातलेच. यंदा जाणार असाल तर दार ठोठावून 'तुमचं छत बघू का?' विचारणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा. आमचे १,६०० डॉलर रोख गेले, आणि दुरुस्तीला लागले ते वेगळेच.

गावात कायमची वस्ती अडीच हजारांच्या आत. जानेवारीत आरव्हीचं प्रदर्शन आणि दगड-रत्नांचे बाजार भरले की आजूबाजूचं माळरान गाड्यांनी भरून जातं. दक्षिणेला ला पोसा नावाचा सरकारी जमिनीचा पट्टा आहे. १८० डॉलरचा परवाना काढून आम्ही तिथे होतो. त्यावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहता येतं. जागेवर ना वीज ना नळ. सोलरवर दिवे लावायचे, पाणी टाकीत भरून आणायचं. शेजारी सारखे बदलतात, पण माणसं एकमेकांना धरून असतात. कुणाचा जनरेटर बंद पडला तर चार जण हत्यारं घेऊन येतात. त्यामुळे शिडी घेऊन आलेल्या माणसाचा संशय येत नाही.

ते दोघे पिकअपमधून आले. पुढच्या रांगेत काम करताना आमच्या व्हेंटभोवती, म्हणजे छतावरच्या हवेच्या झडपेभोवती, भेगा दिसल्या, म्हणाले. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मला शिडीची भीती. आमचं वय आणि दाराशी टेकवलेली काठी बघूनच ते थांबले असणार. एक जण वर चढला आणि हातात सीलंटचा, म्हणजे फटी बुजवायच्या लेपाचा, फाटका तुकडा घेऊन उतरला. मोबाइलवर फोटो दाखवला, त्यात लाकूड काळं पडलेलं. तो फोटो आमच्या छताचा नव्हताच. त्यात स्कायलाइट, म्हणजे छतातली उजेडाची खिडकी, होता आणि आमच्या गाडीला स्कायलाइट नाही. हे मुलाने नंतर व्हॉट्सॲपवर बघितल्याबरोबर सांगितलं.

दुकानात याचे चार हजार घेतील, आमच्याकडे कालच्या कामातला माल उरलाय, आज छतावर वॉटरप्रूफ रंगाचा थर दिला तर सोळाशे, आजन्म हमी, असं ते म्हणाले. ह्यांनी छत धुणार का म्हणून विचारलं. 'तुमच्या टाकीतलं पाणी कशाला वाया घालवायचं, आमच्या केमिकलला धुवावं लागत नाही.' वाळवंटात पाणी वाचवायची भाषा केली की माणूस आपला वाटतो.

उन्हं उतरताना सुरू केलेलं काम अंधार पडायच्या आत संपलं. छत पांढरं शुभ्र दिसत होतं. आणि पुढचे दोन महिने ते गळलं नाही, कारण पाऊसच पडला नाही.

या फसवणुकीचा सगळा जीव यात आहे. त्या भागात वर्षाला पाऊस जेमतेम तीन-चार इंच. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीला वॉटरप्रूफिंग करून देणाऱ्याला जूनमध्ये त्याच गल्लीत तोंड दाखवावं लागतं. क्वार्ट्झसाइटला केलेल्या छताची परीक्षा मात्र हजार मैलांवर, एप्रिलच्या ओरेगनमध्ये होते. तोवर करणारा कुठे आणि आपण कुठे! फसलेले लोकही कॅनडापासून टेक्सासपर्यंत पांगलेले, एकत्र येऊन तक्रार कोण करणार?

घरी परतताना पहिल्याच मुसळधार पावसात पलंगावर पाणी टपकलं. कारागिराने वर जाऊन बघितलं तर रंगाचा पापुद्रा नखाने निघत होता. खाली धुळीचा थर तसाच. रबरी छताची वरची भुकटी घासून काढल्याशिवाय, छत धुऊन वाळवल्याशिवाय त्यावर काही धरत नाही, आणि जानेवारीच्या थंडीत संध्याकाळी लावलेला थर नीट वाळतही नाही. भेगांवर त्यांनी साधं सिलिकॉन फासलं होतं. सिलिकॉनवर दुसरं कुठलंच सीलंट चिकटत नाही, म्हणून ते सगळं खरवडावं लागलं. व्हेंटजवळचं प्लायवुड बोटाने दाबलं तरी आत जात होतं. विमा कंपनीने हात वर केले. हळूहळू झिरपलेल्या पाण्याचं नुकसान पॉलिसीत बसत नाही म्हणे.

हमीपत्रावरचा फोन बंद. पत्ता मेन स्ट्रीटचा, म्हणून तिथल्या ओळखीच्या बाईंना बघायला सांगितलं. जानेवारीत तिथे विक्रेत्यांचा तंबू असतो, एप्रिलमध्ये नुसती खडी. ॲरिझोनाच्या ॲटर्नी जनरलकडे ऑनलाइन ग्राहक तक्रार करता येते, ती केली. पण त्यात पिकअपचा नंबर लिहायला हवा होता आणि तो कुणीच टिपलेला नव्हता. तुम्ही टिपा, समोर उभं राहून फोटो काढला की अर्धे तिथूनच निघून जातात.

सगळेच लबाड नसतात. वर्षभर गावात राहणारे फिरते मेकॅनिक आहेत, त्यांचं काम चोख असतं. ते आधी छताची लांबी-रुंदी विचारतात. आमचं छत २८ फूट बाय ८, म्हणजे सव्वादोनशे चौरस फूट. त्याला दोन हात द्यायचे तर किती गॅलन लागेल हे डब्यावर छापलेलं असतं. आमच्याकडे आलेल्यांची पाच गॅलनची एकच बादली निम्मीसुद्धा संपली नव्हती. वर जायचं तर तुमच्यातलं किंवा शेजारचं कुणीतरी सोबत जाऊ द्या, आणि उतरल्यावर फोटो तुमच्याच फोनवर असू द्या. 'आजच' म्हणणाऱ्याला उद्या सकाळी बोलवा.

आमच्या रांगेत त्या दोघांनी आणखी तीन-चार गाड्या केल्या. तुम्हीही तिथे कुणाकडून असं छत करून घेतलं असेल, तर उत्तरेकडे निघण्याआधी वाटेत नळजोडणी असलेल्या एखाद्या आरव्ही पार्कात एक रात्र थांबा. एकाने होजने छतावर पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडायचं, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन व्हेंटच्या कडा बघायच्या.