स्वतःच्या गाण्यांची कॉपीराइट नोंदणी: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते. शब्द आणि चाल नोंदवा, ध्वनिमुद्रणाची घाई करू नका. आणि नोंदणी केली म्हणजे गाणं चोरीला जाणार नाही, हे डोक्यातून काढून टाका.

भारतात कॉपीराइट मिळवायला नोंदणी लागतच नाही. १९५७च्या कायद्यानुसार गाणं कागदावर किंवा रेकॉर्डिंगमध्ये उतरलं की हक्क तयार होतो. मग पैसे कशाला घालवायचे? कलम ४८साठी. कॉपीराइट कार्यालयाच्या नोंदवहीतली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते, म्हणजे ती खोटी आहे हे दाखवायची जबाबदारी समोरच्यावर जाते. फायदा एवढाच, पण तो छोटा नाही. स्वतःलाच रजिस्टर्ड पोस्टानं पाकीट पाठवायचं आणि न फोडता कपाटात ठेवायचं, हा सल्ला अजून फिरतो. त्याला कायद्यात काही आधार नाही. पोस्टखात्याचा तेवढा फायदा.

आपण ज्याला एक गाणं म्हणतो त्याच्या कायद्याच्या नजरेत तीन वस्तू होतात. शब्द साहित्यकृती, चाल संगीतकृती आणि रेकॉर्डिंग ध्वनिमुद्रण. तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात आणि अर्जही वेगळे. शब्दांना ५०० रुपये, चालीला ५००, ध्वनिमुद्रणाला २०००. पाच गाण्यांचा अल्बम तिन्ही अंगांनी नोंदवायचा तर १५,००० रुपये होतात. फक्त शब्द आणि चाल केलीत तर ५०००. मी दुसरा मार्ग धरला. अपवाद एकाच गाण्याचा: त्याचं ध्वनिमुद्रणही नोंदवलं, कारण त्याच्या रेकॉर्डिंगचा खर्च दुसऱ्यानं उचलला होता, आणि ध्वनिमुद्रणाचा कर्ता कायद्यानं निर्माता असतो. गाणाऱ्याचं नाव तिथे येत नाही. त्याचे कलाकार म्हणून हक्क निराळे आहेत.

अर्ज ऑनलाइन भरता येतो. फॉर्म १४, त्यासोबत तपशिलाचं विवरणपत्र. शब्दांची पीडीएफ लावली, चालीसाठी स्वरलेखन. हे स्वरलेखन करताना मात्र घाम फुटतो. आपण गातो त्यातल्या मींड आणि हरकती कागदावर बसत नाहीत. मी मुखडा आणि अंतरे सरळ स्वरांत लिहिले, सजावट सोडून दिली. चाल ओळखता येईल एवढं पुरे.

खरी मेहनत अर्जाच्या आधीची. कृती एकापेक्षा जास्त जणांची असेल तर बाकीच्यांचं ना-हरकत पत्र लागतं, आणि ज्या कोणाचा त्यात हितसंबंध आहे त्याला अर्जाची सूचना द्यावी लागते. म्हणजे कोणाचं काय, हे आधी ठरवावं लागतं. आमच्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्याआधी बासरीचा एक तुकडा आहे. तो बसवला संगीत संयोजकानं, रात्री उशिरा, मी स्टुडिओतून निघाल्यावर. मी सहीसाठी कागद पुढे केला तर म्हणाला, "ताई, एवढ्याशा तुकड्याला सही कशाला?" म्हटलं, "उद्या लोक नेमका तोच रीलला लावतील, तेव्हा विचारशील." मग बसून ठरवलं: मुखडा-अंतऱ्याची चाल माझी, तो तुकडा संयोजनाचा भाग, चालीवर त्याचा दावा नाही, आणि रेकॉर्डिंगच्या उत्पन्नात त्याला ठरावीक टक्के. एक पान, चार ओळी, दोघांच्या सह्या, तारीख. गीतकाराबरोबरही तसंच. गाणं लोकांपर्यंत जाण्याआधी हे बोलणं होतं तेव्हा कोणी कोणावर रागावत नाही, कारण वाटून घ्यायला अजून काही आलेलंच नसतं. माझ्या मते नोंदणीच्या पैशातला निम्मा मोबदला इथेच वसूल झाला, आणि यासाठी खरं तर सरकारी फॉर्मची गरजही नव्हती. पण फॉर्म समोर नसता तर हा कागद आम्ही केलाच नसता, तेही खरं.

शुल्क भरलं की डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक मिळतो. त्यानंतर कोणाचा आक्षेप येतो का यासाठी ३० दिवस थांबावंच लागतं, मग फाइल परीक्षकाकडे जाते. त्रुटी असेल तर पत्र येतं. माझ्या ओळखीच्या एका गीतकाराला आलं, कारण अर्जात त्याचं खरं नाव होतं आणि ना-हरकत पत्रावर टोपणनाव. अशा पत्राला ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, तेव्हा ईमेल बघत राहा. सगळं मिळून काही महिने धरून चाला, पण रिलीज अडवून ठेवू नका. अप्रकाशित कृतीही नोंदवता येते. प्रकाशित झाल्यावर नोंदीत तसा बदल करून घेण्यासाठी अर्ज करता येतो.

आता उपयोग कुठे झाला ते. मध्यंतरी एका चॅनेलवर माझीच चाल, वेगळ्या शब्दांत ऐकू आली. तक्रारीचा फॉर्म भरला. नोंदणीचं प्रमाणपत्र कोणी मागितलं नाही. नोंदणी क्रमांक मी आपणहून लिहिला, व्हिडिओ उतरला. क्रमांक नसता तरी उतरला असता, असं मला वाटतं. आपल्या नियमांत अशा लेखी तक्रारीनंतर ३६ तासांत मजकूर बंद करायची तरतूद आहे, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू करता येतो. प्रकरण तिथवर गेलं तर प्रमाणपत्राला वजन येईल. माझं गेलं नाही.

वजन आलं ते भलत्याच ठिकाणी. एका कंपनीनं एका गाण्यासाठी करार पाठवला: सगळे हक्क, जगभर, कायमचे. मी उत्तरात तक्ता जोडला. शब्द कोणाचे, चाल कोणाची, प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक, आणि रेकॉर्डिंग फक्त तुम्हाला देऊ शकते, अमुक वर्षांसाठी. पुढची बोलणी त्या तक्त्यावर झाली. शेवटी चाल आणि शब्द आमच्याकडे राहिले. करार वाचताना कलम १९ जवळ ठेवा: मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारताचा. आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देताच येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच (रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेला) देता येतो. कराराच्या बारीक अक्षरांत काहीही लिहिलं असलं तरी.

प्रमाणपत्रानं पैसे येत नाहीत, हेही सांगायला हवं. कार्यक्रमात, रेडिओवर गाणं वाजल्याची रॉयल्टी हवी तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं, सभासदत्व वेगळं घ्यावं लागतं आणि गाणी तिथेही नोंदवावी लागतात. रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा बारा अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी कोड वेगळा. तो मला गाणी ऑनलाइन पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरनं दिला. या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नवीन मंडळी इथे हमखास गोंधळतात.

काय नोंदवता येत नाही? गाण्याचं नाव, राग, ताल, कॉर्डची माळ. जात्यावरची पारंपरिक ओवी घेऊन चाल लावलीत तर चाल तुमची, ओवी तुमची नाही, आणि अर्जात तसं स्पष्ट लिहा. इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेल्या बीटवर (तयार वाद्यसंगीतावर) गाणाऱ्यांनी तर आधी लायसन्स वाचावं. ते 'नॉन-एक्स्क्लुझिव्ह' असेल तर तोच बीट आणखी कितीतरी जणांकडे असतो आणि त्यातलं संगीत बीट बनवणाऱ्याचं राहतं. तुमच्या नावावर फार तर शब्द आणि वरची गायकीची चाल. शिवाय परवानगी न घेता दुसऱ्याचं संगीत वापरून केलेल्या ध्वनिमुद्रणाला कॉपीराइटच मिळत नाही, तेव्हा तिथे २००० रुपये भरणं म्हणजे वाळूत पाणी ओतणं.

एजंट लागतो का? मला लागला नाही. फॉर्म कंटाळवाणा आहे, कठीण नाही. मालक एकाहून जास्त असतील आणि त्यांच्यात आधीच कुरबुर असेल तर वकिलाकडे जा, पण तेव्हाही त्याच्याकडून फॉर्म भरून घेण्यापेक्षा आपसातला करार लिहून घ्या. आणि चालीची पहिली मोबाइल रेकॉर्डिंग, स्टुडिओच्या प्रोजेक्ट फाइल, खाडाखोड केलेले शब्द हे सगळं तारखांसकट जपून ठेवा. समोरच्यानं नोंदीला आव्हान दिलं तर तेच बाहेर काढावं लागणार आहे.