लिराग्लुटाइडचं रोजचं इंजेक्शन : वर्ष होत आल्यावर

केवळ सुईच्या भीतीने लिराग्लुटाइड हे डायबेटिस आणि वजनासाठीचं औषध नाकारत असाल तर नाकारू नका, हे आधी सांगते. चार मिलिमीटरची सुई पोटाच्या कातडीत जाते तेव्हा बरेचदा कळतही नाही. शुगर तपासायला बोटाला टोचतो ते याहून जास्त दुखतं. त्रास होतो तो पोटाला, आणि तोही मुख्यतः डोस वाढवल्यानंतरच्या दिवसांत.

मला टाइप २ डायबेटिस आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या घेऊनही एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणारा आकडा) ८.४ च्या खाली येईना आणि वजन चढतच होतं. डॉक्टरांनी लिराग्लुटाइड सुरू केलं आणि त्याच दिवशी ग्लिमेपिराइड निम्मं केलं. लिराग्लुटाइड रक्तात साखर जास्त असतानाच इन्सुलिन सोडायला लावतं, त्यामुळे एकट्याने ते शुगर सहसा धोक्याइतकी पाडत नाही. जोडीला ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर मात्र पडू शकते. म्हणून जुन्या गोळ्यांचं काय करायचं, हे पहिलं इंजेक्शन घेण्याआधीच विचारून घ्या.

सुरुवात ०.६ मिलिग्रॅमने होते. हा डोस पोटाला सवय लागावी म्हणून असतो. आठवड्याने १.२, पुढे गरज पडली तर १.८. व्हिक्टोझा या नावाने डायबेटिससाठी इथवरच जातात. सॅक्सेंडा या नावाने वजनासाठी हेच औषध पायरीपायरीने ३ मिलिग्रॅमपर्यंत नेतात. मला १.२ वर गेल्यावर सकाळी उठल्याउठल्या मळमळायचं, तोंडाला पाणी सुटायचं, तापलेल्या तेलाचा वास सहन व्हायचा नाही. डॉक्टरांना कळवलं, त्यांनी परत ०.६ वर आणलं आणि तिथे आणखी काही आठवडे ठेवलं. दुसऱ्यांदा १.२ वर गेले तेव्हा पोटाने कुरकुर केली नाही. वेळापत्रकात आठवडा लिहिलाय म्हणून आठवड्यातच चढायला हवं असं काही नाही. मळमळीने हैराण होऊन औषधच सोडून देणाऱ्यांना माझं हेच कळकळीचं सांगणं आहे. बद्धकोष्ठता मात्र टिकून राहिली. पाणी आणि भाज्या वाढवल्यावर आटोक्यात आली.

आता भुकेबद्दल. पूर्वी एक जेवण संपेपर्यंत पुढच्याचा विचार सुरू व्हायचा. मधल्या वेळेत काहीतरी तोंडात टाकल्याशिवाय चैन पडायची नाही. ते सगळं थांबलं. समोर डबा उघडा पडलेला असतो आणि हात जात नाही, त्यासाठी मनाला आवरावंही लागत नाही. निम्म्या जेवणातच पोट भरल्याचं कळतं, आणि त्यापुढचा घास खरोखरच उतरत नाही. इतकी वर्षं 'जिभेवर ताबा ठेवा' असं ऐकून घेतलं, त्यानंतर हा बदल माझ्यासाठी फार मोठा आहे. भुकेमागे शरीरातल्या संप्रेरकांचा किती हात असतो, हे मी स्वतः अनुभवलं. खाल्ल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं, पण ते एक-दोन मिनिटांतच निम्मं होतं. लिराग्लुटाइड त्याचंच बदललेलं रूप. ते निम्मं व्हायला सुमारे १३ तास लागतात. म्हणून ते रोज घ्यावं लागतं.

'मग आठवड्यातून एकदाच घ्यायचं इंजेक्शन का घेत नाहीस?' असं मला सतत विचारतात. वजनापुरतं बघितलं तर याच प्रकारचं, आठवड्याचं सेमाग्लुटाइड सरस आहे, यात वाद नाही. २०२२ मध्ये आलेल्या, डायबेटिस नसलेल्यांवरच्या तुलनेत ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइडने सरासरी १५.८ टक्के वजन उतरलं, लिराग्लुटाइडने ६.४ टक्के. तरीही मला रोजचं सोयीचं वाटतं. पोट बिघडलं, उलट्या होऊ लागल्या, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबता येतं आणि दोन-तीन दिवसांत औषध शरीरातून बरंचसं निघून जातं. आठवड्याच्या औषधात तसं होत नाही. माझं पोट नाजूक आहे, त्यामुळे मला हे मोलाचं वाटतं.

इंजेक्शनचं पेन वापरणं दोन दिवसांत जमतं. नवीन पेन असेल तर आधी सुईच्या टोकावर थेंब येतो का ते पाहायचं. टोचल्यावर बटण दाबून, आकडा शून्यावर आला तरी सावकाश सहा मोजेपर्यंत सुई आत ठेवायची, नाहीतर औषधाचा थेंब बाहेर राहतो. सुई दरवेळी नवी, आणि काम झालं की काढून टाकायची. पेनला लावून ठेवली तर औषध गळतं. न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं औषध वाया गेलं. वापरातलं पेन ३० अंशांच्या आत असेल तर बाहेरही चालतं, महिनाभर. टोचायची जागा रोज थोडी बदलते. ठरलेली वेळ चुकून १२ तासांहून जास्त झाले तर तो डोस सोडायचा, दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचा नाही. सलग तीन दिवसांहून जास्त खंड पडला तर परत ०.६ पासून सुरुवात करावी लागू शकते, हे प्रवासाला निघताना लक्षात ठेवा.

एचबीए१सी ६.९ वर आहे. वजन ९१ वरून ८४, आणि गेले काही महिने तिथेच अडलंय. सुरुवातीला अशक्तपणा जाणवायचा, जिना चढताना मांड्या भरून यायच्या. इतकं कमी खाताना प्रथिनांकडे लक्ष दिलं नाही तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. आता जेवताना आधी प्रथिनं संपवते आणि आठवड्यातून काही दिवस वजनं उचलते. त्याने फरक पडलाय.

घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झालेला असेल किंवा तुम्हाला पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल, तर हे डॉक्टरांना आधी सांगा. पोटात जोराची कळ येऊन पाठीकडे जात असेल तर घरी थांबू नका. पित्ताशयातल्या खड्यांचा धोकाही वाढतो. औषध बंद केलं की भूक परतते आणि बहुतेकांचं वजनही, त्यामुळे 'तीन महिन्यांचा कोर्स' म्हणून याकडे बघणं मला पटत नाही.

पुढच्या तपासणीत १.८ चा विषय निघेल. २०१६ च्या मोठ्या अभ्यासात हृदयविकाराचा धोका कमी झालेला दिसला, तो १.८ पर्यंत डोस नेऊन, हे मला माहीत आहे आणि डॉक्टरांना त्याबद्दल विचारणार आहे. पण शुगर १.२ वर ताब्यात असताना केवळ काट्यावरच्या दोन किलोंसाठी ती सकाळची मळमळ परत ओढवून घ्यायची माझी तयारी नाही, हेही त्यांना सांगणार आहे.