जुना लॉन ट्रॅक्टर चिखलात न्यायचाय: आधी पुली की टायर?

गवत कापायचा डेक उतरवला की खाली जागा मोकळी होते, आणि बहुतेकांचा हात आधी पुलीकडे जातो. इंजिनावरची, पट्टा फिरवणारी पुली 3 इंचांवरून 4 इंचांची केली की वेग एक-तृतीयांशाने वाढतो. ताशी 8 किलोमीटरचे साडेदहा होतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर अशी पुली सहज करून मिळते. पण ओढ एक-चतुर्थांशाने कमी होते. गगनबावड्याच्या बाजूला पावसाळ्यात चढावर पट्टा घसरून जळका वास सुटतो, तो मी घेतलाय. ब्रेक मात्र मूळचाच, सावकाश चालीसाठी केलेला. उतारावर छातीत धस्स होतं.

म्हणून माझं मत टायरच्या बाजूने. मागे 18 इंचांऐवजी 22 इंचांचे खोल दातांचे टायर घातले की मागचा भाग 2 इंच उचलला जातो. तांबडी माती दातांत भरते, चाक फिरलं की झडते, आणि गाडी पुढे सरकते. तरी मोठ्या चाकाचा भार गिअरबॉक्सवर येतोच, म्हणून गिअर खालचाच ठेवा. डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअर, वेल्डिंग करून बांधलं तर दोन्ही चाकं एकत्र ओढतात, मात्र वळायला जड जातं.

गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचे फेरे आवरणारा भाग, काढू नका, हे हात जोडून सांगतो. फेरे हाताबाहेर गेले तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाचं घर फोडतो. आणि ही गाडी शेतातच चालवा, रस्त्यावर नाही.