स्कॅन कुठे पाठवायचा: फोल्डरला, ईमेलवर, पेन ड्राइव्हवर की थेट कॉम्प्युटरवर?

ऑफिसात प्रिंट, स्कॅन, झेरॉक्स सगळं करणारं ऑल-इन-वन मशीन आलं की प्रिंट पहिल्याच दिवशी सुरू होते, घोडं अडतं ते स्कॅनपाशी. स्कॅन कॉम्प्युटरपर्यंत न्यायचे चार रस्ते आहेत. कोणता धरायचा हे ठरवायला एवढंच बघा: गठ्ठा हातात घेऊन मशीनपाशी कोण उभं राहणार, आणि दिवसातून किती वेळा?

रोजचे गठ्ठे असतील तर शेअर्ड फोल्डर, म्हणजे कॉम्प्युटरवरचा असा फोल्डर ज्यात मशीन नेटवर्कवरून थेट फाइल टाकतं. फीडरमध्ये (कागद एकेक करून आत ओढणाऱ्या वरच्या ट्रेमध्ये) कागद लावा, पॅनेलवर आपलं नाव दाबा, जागेवर येईपर्यंत पीडीएफ हजर. इंटरनेट लागत नाही, फाइल मोठी झाली म्हणून काही अडत नाही. मात्र पहिल्यांदा जोडताना हा प्रकार घाम काढतो. विंडोजमध्ये तुम्ही चार आकडी पिन टाकून शिरत असाल, पण मशीनला तो चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच द्यावा लागतो. विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ वर असेल तर फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी रोखणारा पहारेकरी, मशीनला दारातच अडवते. जुन्या मशीनना एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या नेटवर्कवर फाइल देण्याघेण्याच्या पद्धतीची, फक्त पहिली आवृत्ती कळते, आणि २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलमध्ये ती बंदच असते. ‘ती परत चालू करा’ हा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका. २०१७ च्या मे महिन्यात फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला तो याच आवृत्तीतल्या भोकातून. मशीनचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा, नाही जमलं तर दुसरा रस्ता धरा.

आमच्याकडे तीन महिने सुरळीत चाललेलं स्कॅनिंग एका सकाळी ठप्प झालं. पॅनेलवर ‘कनेक्शन एरर’, बाकी काही नाही. अर्धा दिवस शोधाशोध केल्यावर कळलं की राउटर रीस्टार्ट झाला होता, कॉम्प्युटरला नवा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळाला होता आणि मशीन जुन्याच पत्त्यावर हाका मारत होतं. तेव्हापासून मी आधी राउटरमध्ये आयपी राखून ठेवतो, मगच फोल्डर जोडतो.

ईमेल सोपा वाटतो आणि दोन-चार पानांना सोपा आहेही. ए-फोरचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे २४८० गुणिले ३५०८, सुमारे ८७ लाख ठिपके. रंगीत असेल तर न दाबलेलं (कॉम्प्रेस न केलेलं) एक पान २६ एमबीच्या आसपास. मशीन ते दाबून बरंच लहान करतं, तरी चाळीस रंगीत पानं झाली की मेल परत येण्याची शक्यता असतेच. जीमेलची मर्यादा २५ एमबी, आणि मेलमध्ये शिरताना फाइल आणखी साधारण एक तृतीयांशाने फुगते. पत्रव्यवहार, बिलं वगैरे असतील तर रंग काढून टाका, निम्मी कटकट तिथेच मिटते. मशीन जीमेलवरून पाठवणार असेल तर त्यात नेहमीचा पासवर्ड चालत नाही. गूगलने २०२२ पासून तो बंद केला. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून खास मशीनसाठी वेगळा सोळा अक्षरी ॲप पासवर्ड गूगलकडून घ्यावा लागतो.

पेन ड्राइव्ह अडल्या वेळेला ठीक. तो एफएटी३२ या फॉरमॅटमध्ये फॉरमॅट केलेला ठेवा, बरीच मशीन दुसरं काही ओळखत नाहीत. आणि काढून घ्यायला विसरू नका. सगळे विसरतात.

राहिला चौथा: कॉम्प्युटरवरूनच स्कॅन करणं, ट्वेन किंवा विया ड्रायव्हर (स्कॅनर आणि कॉम्प्युटर यांच्यातले दुभाषे प्रोग्राम) वापरून. आधी प्रिव्ह्यू दिसतो, कडा कापता येतात, डीपीआय हवा तसा ठेवता येतो. फोटो, जीर्ण दाखले, काचेवर एकेक ठेवायच्या वस्तू यांना याच्या तोडीचं काही नाही. पण मशीन खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर कागद ठेवा, खुर्चीकडे जा, क्लिक करा, पुन्हा उठा. वीस पानांत पाय बोलायला लागतात. मशीन हाताशी असेल आणि स्कॅनिंग अधूनमधूनच असेल, तर मी हाच निवडेन, फोल्डरच्या फंदात पडणार नाही.

एक दुखणं मात्र चारही रस्त्यांवर भेटतं: प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एकच सरळ काळी रेघ. लोक मोठी काच पुसत बसतात. फीडरमधून जाणारे कागद मशीन शेजारच्या बोटभर रुंद काचपट्टीवर वाचतं, आणि रेघ येते ती तिथे चिकटलेल्या व्हाइटनरसारख्या एखाद्या ठिपक्यामुळे. नखाने हळूच खरवडा, मऊ फडक्याने पुसा आणि मगच गठ्ठा लावा.