आंग्रिया बँकेच्या नावाखाली डायव्हिंग टूर विकणाऱ्यांपासून सावध राहा (नागपूरकरांनी नक्की वाचा)

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या नागपुरात डायव्हिंग टूरचे फॉरवर्ड फिरायला लागतात आणि यावेळी परत "आंग्रिया बँक एक्स्पेडिशन" दिसून राहिलंय (ही पैशाची बँक नाही, समुद्रातली जागा आहे). तोच फोटो, तेच निळ्याशार पाण्यातलं कासव, फक्त खालचा मोबाईल नंबर बदललेला. आमच्या ग्रुपचे यात माणशी 42 हजार गेले आणि वर "परमिट"चे 6 हजार वेगळे. केस अजून चालू आहे म्हणून त्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही, पण तो कसा विकतो आणि त्याचं खोटं कुठे पकडता येतं ते सगळं सांगते.

आधी हे सांगते की आंग्रिया बँक ही जागा खरी आहे, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. विजयदुर्गच्या पश्चिमेला साधारण 105 किलोमीटर आत, समुद्राखाली बुडालेलं प्रवाळाचं मोठं पठार आहे, लांबी 40 किमी आणि रुंदी 15 किमीच्या आसपास, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखलं जातं. गुगल केलं की बातम्या निघतात, शास्त्रज्ञांच्या मोहिमांचे फोटो निघतात, आपल्या महाराष्ट्राच्या समोरच्या समुद्रात असं काही आहे म्हणून ऊर भरून येतो, आणि त्या भरात माणूस पैसे पाठवतो. तिथे जाऊन आलेलं आपल्या ओळखीत कोणीच नसतं. मालवणबद्दल कोणी थाप मारली तर तिथे फिरून आलेले दहा जण लगेच पकडतील, पण आंग्रियाबद्दल विचारायचं कोणाला? या लोकांनी ती जागा निवडली ती नेमकी यासाठीच, असं माझं स्पष्ट मत झालंय.

लक्ष्मीनगरच्या एका हॉलमध्ये प्रेझेंटेशन झालं होतं. आमचा स्विमिंगचा ग्रुप, त्यात पन्नाशीच्या पुढचे काही, काहींची कॉलेजातली पोरं. हा माणूस एकदम गोड बोलणारा, सगळ्यांना काका-काकू, टी-शर्टवर डायव्हरचं चित्र. "काकू, तुम्ही टेन्शनच नका घेऊ, पोहता नाही आलं तरी चालते, आमचा पोरगा हात धरून नेते नं." मालवणहून स्पीडबोटनं दोन तासात पोचवतो म्हणाला, परत आल्यावर ओपन वॉटरचं, म्हणजे डायव्हिंगच्या सुरुवातीच्या कोर्सचं, इंटरनॅशनल सर्टिफिकेट मिळेल म्हणाला, आणि नेव्हीचं परमिट लागते, त्याची लिस्ट उद्या सकाळी पाठवायची आहे म्हणून 6 हजार आत्ताच भरा. ते 6 हजार एका तिसऱ्याच माणसाच्या यूपीआयवर गेले. पावती मागितली तर म्हणे "सरकारी काम आहे, पावती नंतर येते".

मग आम्ही नागपूर-मडगाव गाडीनं कुडाळला उतरलो, तिथून मालवण. राहायची जागा ठीक होती, जेवण तर फारच छान. पहिल्या संध्याकाळी तो म्हणाला समुद्र खवळलाय, कोस्टगार्डनं परवानगी रोखली. समोर समुद्र शांत, मच्छीमारांच्या होड्या जाऊन येऊन राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी परत तेच, आणि त्यानंतर एका सकाळी सगळ्यांना लाइफजॅकेट घालून एका साध्या पर्यटकांच्या होडीत बसवलं आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला नेलं, जिथे रोज शेकडो लोक स्कुबा करतात तिथेच. आमच्यातल्या एका काकांनी होडीवाल्याला विचारलं, आंग्रियाला किती वेळ लागतो हो? तो बिचारा आमच्याकडे बघतच राहिला. "ह्या होडयेत बसान आंग्रियाक? कोणी सांगल्यान तुमका?"

त्या होडीवाल्याबद्दल आणि पाण्यात नेणाऱ्या मुलांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, उलट त्यांचे उपकार आहेत. आमच्यासोबतच्या एका मुलाला दमा आहे. एजंटच्या फॉर्ममध्ये जेवण व्हेज की नॉनव्हेज, टी-शर्टची साइज, सगळं होतं, पण तब्येतीबद्दल एक ओळ नव्हती. आणि त्या होडीवरच्या मालवणी मुलानं पहिलं काय विचारलं तर दमा, बीपी, फिट्स, कानाचं ऑपरेशन असं कोणाला काही आहे का. दमा असलेल्या मुलानं खरं सांगितलं आणि त्यांनी त्याला पाण्यात नेलं नाही, समजावून होडीवरच बसवलं. दम्याच्या माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय टाकी लावून खाली जायचंच नसतं, कारण वर येताना हवा फुप्फुसात अडकली तर ती फुगते आणि जिवावर बेतू शकतं. एजंटला हे माहीत नव्हतं की माहीत असूनही त्यानं विचारलं नाही, काहीही असो, पैशापेक्षा मला या गोष्टीचा जास्त राग आहे आणि तो जात नाही.

शेवटी "सर्टिफिकेट" म्हणून रंगीत प्रिंट दिली, त्यावर नंबर नाही, इन्स्ट्रक्टरचं नाव नाही. आंग्रियाचं विचारलं तर म्हणाला "हा सगळा आंग्रियाचाच पट्टा आहे, सुरुवात इथूनच होते". 105 किलोमीटर म्हणजे किती ते बघा, नागपूरहून वर्धा साधारण 75, त्याच्याही पुढे अजून तीस, आणि मध्ये नुसता उघडा समुद्र. अशा माणसाशी वाद तरी काय घालायचा.

नंतर मी रीतसर कोर्स केला आणि तिथे एकेक गोष्ट कळत गेली तसं दिसलं की त्याच्या पॅम्प्लेटमधलं एकही वाक्य टिकणारं नव्हतं, आणि हे कोणीही घरबसल्या तपासू शकतं, त्यासाठी डायव्हर असावं लागत नाही. सगळ्यात मोठी गोष्ट खोलीची. आंग्रियाच्या सगळ्यात उथळ भागातसुद्धा पाणी साधारण 20 मीटर आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला, म्हणजे ज्याला ट्राय डायव्ह म्हणतात त्यात, 12 मीटरच्या खाली नेत नाहीत. ओपन वॉटर कोर्स पूर्ण केलेल्याची मर्यादा 18 मीटर. त्याच्या पुढचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स झाला की 30. म्हणजे पोहता न येणाऱ्या काकूला आंग्रियाला डायव्ह करवतो म्हणणारा माणूस एकतर तिथे नेणारच नाही, नाहीतर नेऊन जीव धोक्यात घालेल, तिसरी शक्यताच नाही. 20 मीटरवर दाब वरच्या तिप्पट असतो, त्यामुळे टाकीतली हवाही तिप्पट वेगानं संपते, आणि नवीन माणूस घाबरून अजून जास्त श्वास घेतो. वर आलात तर आजूबाजूला बेट नाही, किनारा दिसत नाही, लाटांपासून आडोसा नाही, कारण ते सगळं पठार पाण्याखालीच आहे.

मग बोट. 105 किमी म्हणजे 57 सागरी मैल झाले. दोन तासात पोचायचं तर 28 नॉटच्या (म्हणजे तासाला 28 सागरी मैलांच्या) वर स्पीड सतत ठेवावा लागेल, तोही उघड्या समुद्रात, माणसं आणि टाक्या भरून. मच्छीमार ट्रॉलर 8-9 नॉटनं जातो, त्याला एका बाजूला सहा-सात तास. म्हणजे रात्री बोटीवर मुक्काम आलाच, झोपायची सोय, कॉम्प्रेसर, ऑक्सिजनचा सिलेंडर, सॅटेलाइट फोन, हे सगळं आलं. कोणाला डिकम्प्रेशनचा त्रास (वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होणं) झाला तर किनाऱ्यावर यायलाच सहा-सात तास आणि तिथून पुढे प्रेशर चेंबर असलेलं हॉस्पिटल गाठायचं. त्याला त्या दिवशी हॉलमध्ये फक्त "बोटीचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर काय" एवढं विचारलं असतं तरी तो अडकला असता, त्याच्याकडे बोटच नव्हती.

आणि परतीचं विमान! त्याच्या प्रोग्राममध्ये ज्यांनी जास्त पैसे भरले त्यांच्यासाठी सकाळी डायव्ह आणि त्याच संध्याकाळी गोव्यातल्या मोपा विमानतळाहून फ्लाइट असं लिहिलं होतं. एका डायव्हनंतर किमान 12 तास आणि एकापेक्षा जास्त डायव्ह झाले तर 18 तास विमानात बसायचं नसतं, कारण विमानाच्या आत 6 ते 8 हजार फूट उंचीवर असतो तेवढाच दाब ठेवतात आणि अंगात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन बाहेर पडू शकतो. हा नियम डायव्हिंग शिकवणाऱ्या कोणालाही झोपेत विचारा, सांगेल. टूरच्या कागदावर असं टाइमिंग दिसलं की पुढे काहीच वाचू नका.

सर्टिफिकेटचं पण तसंच आहे, ओपन वॉटरला थिअरी, स्विमिंग पूलमधली प्रॅक्टिस आणि समुद्रात चार डायव्ह लागतात, साधारण तीन-चार दिवस जातात आणि नंबर मिळतो, तो पाडी किंवा एसएसआय जी कोणती संस्था असेल तिच्या साइटवर तपासता येतो. इन्स्ट्रक्टरचाही नंबर असतो, तो मागायला लाजू नका.

आता काहीजण विचारतात, खरंच कोणी आंग्रियाला नेत असेल तर जायचं का? माझं म्हणणं, ज्याचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स झालाय, समुद्राच्या प्रवाहात डायव्ह करायची सवय आहे आणि ज्याच्याकडे डायव्हिंगचा इन्शुरन्स आहे त्यानं बोट, डायव्ह लीडर, ऑक्सिजन सगळं तपासून विचार करावा. आपल्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्यांना तिथे काहीच दिसणार नाही, कारण जिथे दिसतं तिथपर्यंत जायची परवानगीच आपल्याला नाही. ट्राय डायव्हसाठी मालवण-तारकर्ली पुरेसं आहे, पाणी कधी गढूळ असतं पण माणसं चांगली आहेत आणि थेट तिथे जाऊन ठरवलं तर आमच्या पैशाच्या अगदी छोट्याशा भागात होतं. पाणी जास्त स्वच्छ पाहिजे असेल तर मुरुडेश्वरहून नेत्राणीला जा, किनाऱ्यापासून वीस किमीच्या आत आहे, सीझनमध्ये बोटी जातात. आणि 48 हजार खर्चायचेच असतील तर थोडे अजून घालून अंदमानात स्वराज द्वीपला, म्हणजे हॅवलॉकला, जाऊन नीट कोर्सच करून या. पावसाळ्यात कोकणातलं हे सगळं बंद असतं, जून-जुलैची तारीख देणारा तर उघड उघड खोटा.

पैशाचं सांगते. आधी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, एजंटनं उत्तरच दिलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि 2019 च्या कायद्यानं आपण राहतो तिथेच करता येते, म्हणून तो ऑफिस बंद करून गावाबाहेर गेला तरी केस नागपुरातच चालेल. परमिटचे जे 6 हजार दुसऱ्याच्या खात्यात गेले त्याची 1930 वर सायबरची तक्रार वेगळी केली, तिथे उशीर केला तर पैसे पुढे निघून जातात त्यामुळे कळल्याकळल्या फोन करा. आमच्या कामात सगळ्यात उपयोगी पडलं ते पॅम्प्लेट, त्यावर "आंग्रिया बँक" असं छापलेलं आहे, आणि मालवणच्या होडीची पावती, ज्यावर तारीख आणि खरी जागा आहे. प्रेझेंटेशनचे फोटो, चॅट, व्हॉइस मेसेज काहीच डिलीट करू नका.

ज्यांनी या बॅचसाठी अ‍ॅडव्हान्स भरलाय त्यांनी बाकीचे पैसे लगेच थांबवा आणि त्याला लेखी विचारा: बोटीचा रजिस्ट्रेशन नंबर, इन्स्ट्रक्टरचा नंबर, परमिटची कॉपी. बोलून नाही, मेसेजवरच. उत्तर आलं नाही तर तो मेसेजच तुमच्या तक्रारीत पहिल्या पानावर लागेल.