चर्चसंगीतकारांच्या मेळाव्यासाठी काय बसवायचं: चँट, पॉलिफनी की चार आवाजांचं साधं मोटेट?

चर्चमध्ये नेमाने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा मेळावा भरतो तेव्हा हाताशी आलेला गायकवृंद तयारीचा असतो. नोटेशन वाचता येतं, श्वास कसा राखायचा हे सांगावं लागत नाही. पण प्रत्येकाला आपापल्या चर्चची सवय लागलेली असते, आणि एकत्र तालमीला मिळतात ते मोजकेच तास. अशा मंडळींकडून उपासनेसाठी काय बसवून घ्यायचं, हे ठरवताना बहुतेक जण छापील पान बघतात: किती दाटी आहे, सोप्रानो किती वर जातात, बास किती खाली. मला हा निकष पुरेसा वाटत नाही. त्या प्रकारात चूक कुठे ऐकू येते आणि ती निस्तरायला किती वेळ लागतो, यावरून निवड करावी.

ग्रेगोरियन चँट, म्हणजे चर्चचं जुनं एकसुरी लॅटिन गायन, पानावर सगळ्यांत सोपं दिसतं. चार रेघा, चौकोनी नोटा, सगळ्यांना एकच चाल. पट्टी ठरलेली नसल्यामुळे समोरच्या आवाजांना झेपेल तिथून सुरुवात करता येते. छापील पुस्तकात पहिल्या शब्दांनंतर एक तारांकन असतं. तिथवर एकटा कँटर (मुख्य गायक) गातो आणि मग सगळे उचलतात. म्हणजे सूर द्यायची सोय रचनेतच आहे. पण अडचण तालमीला उभं राहिल्यावर कळते. काही जण फ्रान्समधल्या सोलेम मठाच्या जुन्या पद्धतीत वाढलेले असतात, जी डोम आंद्रे मोकरो यांनी मांडली: नोटा साधारण सारख्या लांबीच्या आणि दोन-दोन, तीन-तीनच्या गटांनी बांधलेल्या. काहींना डोम युजीन कार्दिन यांच्या अभ्यासातून आलेली पद्धत शिकवलेली असते. ती प्राचीन हस्तलिखितांतल्या खुणा बघते आणि शब्दाच्या वजनाप्रमाणे नोट हलकी किंवा भारदस्त करते. १९७९ च्या ‘ग्रादुआले ट्रिप्लेक्स’ या चँटच्या पुस्तकात चौकोनी नोटांच्या वर लाँच्या आणि खाली सांक्ट गालेनच्या हस्तलिखितांच्या परंपरेतल्या या खुणा छापल्या आहेत. दोन्ही पद्धतींची माणसं एकाच ओळीत उभी राहिली की प्रत्येक ओळीचा शेवट फाटतो. एकच चाल असल्यामुळे ते लपवायला जागाच नसते.

उपाय आहे, आणि तो फार वेळखाऊ नाही. आधी मजकूर नुसता बोलून घ्यायचा, सगळ्यांनी एका लयीत, अर्थ धरून. मग तोच एका स्वरावर गायचा आणि त्यानंतरच चाल लावायची. एवढ्यावर वृंदाचा आवाज एक होऊ लागतो. संचालकाने मात्र कुठली पद्धत धरणार हे पहिल्याच मिनिटाला सांगावं आणि त्यावर चर्चा होऊ देऊ नये. संगीतकारांच्या मेळाव्यात त्या चर्चेत अख्खी सकाळ जाऊ शकते.

सोळाव्या शतकातली पॉलिफनी, म्हणजे प्रत्येक आवाजाची चाल स्वतंत्र असलेलं गायन, पानावर धडकी भरवते. पालेस्त्रिनाचं ‘सिकूत सेर्वुस’ घ्या. टेनर (पुरुषांचा उंच आवाज) एकटे सुरू करतात, मग आल्टो (बायकांचा खालचा आवाज), मग सोप्रानो, शेवटी बास. प्रत्येक जण तीच ओळ आपल्या जागेवरून उचलतो. पण इथे चुका झाकल्या जातात, हे फारसं कुणी सांगत नाही. एखाद्या आवाजाचा प्रवेश किंचित डळमळला तरी बाकीचे तीन चालूच असतात आणि ऐकणाऱ्याचं लक्ष पुढच्या प्रवेशाकडे गेलेलं असतं. शिवाय प्रत्येक आवाजाला स्वतःची पूर्ण चाल मिळते. एरवी एकाच स्वरावर रेंगाळणाऱ्या आल्टोंना यात जो आनंद होतो तो तालमीत डोळ्यांनी दिसतो.

पॉलिफनीला लागते ती घरची तयारी. स्वतःची ओळ पाठ असली तरच एकत्र तालमीत दुसऱ्याचं ऐकता येतं; नाहीतर सगळा वेळ नोटा शोधण्यात जातो आणि संगीत सुरूच होत नाही. दुसरी गरज टेनरची. सुरुवातच टेनरवर असलेली रचना तीन घाबरट टेनरांवर टाकू नये. माणसं कमी असतील तर विल्यम बर्डने तीन, चार आणि पाच आवाजांसाठी प्रत्येकी एक मिस्सा रचला आहे. त्यातला तीन आवाजांचा छोट्या गटाला पुरतो.

तिसरा पर्याय म्हणजे चारही आवाज एकत्र शब्द उच्चारत जातात असं छोटं मोटेट, म्हणजे लॅटिन धार्मिक शब्दांवरची वृंदरचना. नोटा अर्ध्या तासात बसतात, म्हणून आयोजक याच्याकडे धावतात. ब्रुकनरने १८६९ मध्ये लिंझच्या नव्या कॅथीड्रलमधल्या प्रार्थनाकक्षासाठी लिहिलेलं ‘लोकुस इस्ते’ जेमतेम ४८ मापांचं (तालाच्या छोट्या विभागांचं) आहे, साथीशिवाय. मधल्या भागात बास गप्प होतात आणि वरचे तीन आवाज अगदी हळू, अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकत जातात. खरी कसोटी तिथे लागते. पायाचा आवाज नाही, आवाज मोठा करून वेळ मारून नेता येत नाही, आणि सूर उतरला असेल तर बास परत येतात तेव्हा ते सगळ्यांना समजतं. लांब धरलेल्या प्रत्येक स्वरसंगतीत गांधार कुठे लावला हे उघडं पडतं. शुद्ध गांधार पियानोवरच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली असतो, आणि रोज ऑर्गनबरोबर गाणाऱ्यांचा कान पियानोच्या गांधाराला सरावलेला असतो. त्यामुळे नोटा बसल्यावरही सूर बसायला वेळ लागतो.

तोच वेळ नसेल तर मोत्सार्टचं १७९१ मधलं ‘आवे वेरुम कोर्पुस’ बरं. तेही ४६ मापांचंच, पण तंतुवाद्यांची आणि ऑर्गनची साथ असल्यामुळे सूर धरून ठेवला जातो. मेळाव्यात चांगला ऑर्गनवादक हमखास असतोच, त्याला बाकावर बसवून का ठेवायचं?

आजच्या संगीतकारांच्या रचनांबद्दल थोडक्यात: प्रत्येक गायकाच्या हातात रीतसर घेतलेली प्रत असणार असेल तरच त्यांचा विचार करावा. झेरॉक्सवर चालणारा उपासनेतला वृंद मला पटत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ मधल्या उपासनाविषयक दस्तऐवजाने चँटला मानाचं स्थान दिलं आणि तिथेच पॉलिफनीलाही वगळलेलं नाही असं स्पष्ट केलं. त्यामुळे कॅथोलिक मेळाव्यातसुद्धा निवड अखेर संचालकाच्या हातात राहते. एकच दिवस असेल आणि नोटेशन आधी पाठवलेलं नसेल, तर मी चँट आणि ऑर्गनसह एक छोटं मोटेट घेईन. महिना-दीड महिना आधी प्रती पोचल्या असतील आणि टेनर भरवशाचे असतील, तर पॉलिफनी नक्की घ्यावी. आपल्या छोट्या चर्चमध्ये ती कधीच गायला न मिळणाऱ्यांसाठी मेळावा हीच संधी असते. साथीशिवायचं संथ मोटेट मी दोन दिवसांच्या मेळाव्यासाठी राखून ठेवेन, म्हणजे पहिल्या दिवशी नोटा आणि दुसऱ्या दिवशी फक्त सूर.

काहीही निवडलं तरी दोन गोष्टी पत्रातच कळवाव्यात. एक, कुठली आवृत्ती. जुन्या पॉलिफनीच्या फुकट मिळणाऱ्या प्रती वेगवेगळ्या पट्टीत असतात, त्यांचे मापांचे आकडे जुळत नाहीत, आणि संपादकाने सुचवलेले कोमल-तीव्र स्वरही प्रत्येकीत निराळे. दोन, लॅटिनचा उच्चार इटालियन वळणाचा की जर्मन. एकाच शब्दाचे ‘रेजिना’ आणि ‘रेगिना’ असे दोन उच्चार एकाच वेळी कानावर पडले की गाणं थांबवावं लागतं, आणि थांबवायला तेवढा वेळ हाताशी नसतो.